शाळेचा दिवस कोणाचा?

मराठी भाषेंत ‘सुटी’ आणि ‘रजा’ हे दोन निराळे शब्द आहेत, आणि त्यांतील भेद लक्षांत घेण्याजोगा आहे. सुटी ही सर्वांची असते. ती सरकारनें किंवा शाळेनें जाहीर केलेली असते आणि त्या दिवशीं वर्गाला कुलूप असतें. रजा ही एकट्याची असते. ती मागावी लागते, आणि ज्याच्याकडे मागावयाची त्याला ती नाकारण्याचाही अधिकार असतो. सुटीच्या दिवशीं घरीं राहिलेल्या मुलाचें कांहीं बुडत नाहीं, कारण त्या दिवशीं कोणीच पुढें गेलेलें नसतें. रजेच्या दिवशीं मात्र वर्ग चालू असतो, फळ्यावर नवें गणित मांडलें जात असतें आणि एक जागा रिकामी असते. शाळा चालू असतांना मुलांना घेऊन सहलीस जाणारे आईबाप एकट्याच्या रजेला सुटीचें नांव देत असतात. असें करण्याचा त्यांना अधिकार आहे काय, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु इंग्लंडमध्यें तो तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पोंचला, आणि त्याचा निकाल लागल्यावरही तो मिटला नाहीं. म्हणूनच त्याचा विचार इंग्लंडच्या उदाहरणावरून करणें सोयीचें होईल.

इंग्लंडमधील सरकारी खर्चानें चालणाऱ्या बहुतेक शाळांत वर्षाचे १९० दिवस अध्यापन होतें. म्हणजे अडतीस आठवडे. उरलेले १७५ दिवस मूल घरीं असतें. नाताळ, ईस्टर व उन्हाळा यांच्या मोठ्या सुट्या आणि प्रत्येक सत्राच्या मध्यावर साधारण एक आठवडा, अशी या दिवसांची वांटणी आहे. दिवस थोडे आहेत असें नाहीं; अडचण आहे ती हे दिवस बहुतेकांच्या वांट्यास एकाच वेळीं येतात ही. देशांतील बहुतेक मुलें एका आठवड्यांत मोकळीं झालीं कीं विमानाचें तिकीट, समुद्रकांठच्या खोलीचें भाडें, किंबहुना आगगाडींतील जागा, या सर्वांचे भाव चढतात. आणि शाळा उघडल्या कीं तेच भाव खालीं येतात. मध्यम प्राप्तीच्या कुटुंबाला या फरकांत सहल घडते किंवा हुकते. अशा वेळीं बाप हिशेब करूं लागतो आणि आई म्हणते, ‘एका आठवड्यानें काय बिघडणार आहे?’ प्रश्न उपजतो तो येथें.

या प्रश्नाला कायद्याचें उत्तर असें आहे. इंग्लंडच्या १९९६ च्या शिक्षणविषयक कायद्याच्या ४४४ व्या कलमाप्रमाणें, शाळेच्या पटावर असलेलें मूल नियमितपणें हजर न राहिल्यास त्याचे आईबाप गुन्हेगार ठरतात. २००६ च्या नियमांनीं मुख्याध्यापकांस अशी मुभा दिली होती, कीं विशेष कारण असल्यास कौटुंबिक सहलीसाठीं वर्षांतून दहा दिवसांपर्यंत रजा द्यावी. ही मुभा म्हणजे आपला हक्कच होय, अशी पुष्कळांची समजूत होऊन बसली. २०१३ च्या सप्टेंबरपासून नियम बदलला. सहलीचा उल्लेख आणि दहा दिवसांची मर्यादा हीं दोन्ही गळालीं, आणि केवळ अपवादात्मक परिस्थितींतच रजा देतां येईल असें ठरलें. विनापरवाना गैरहजेरीस दंडाची नोटीस पूर्वीपासूनच होती. २०२४ च्या ऑगस्टपासून हा दंड सर्व देशभर सारखा करण्यांत आला. दहा आठवड्यांच्या काळांत पांच दिवसांइतकी विनापरवाना गैरहजेरी भरली, कीं प्रत्येक मुलामागें प्रत्येक पालकास ८० पौंड, आणि एकवीस दिवसांत न भरल्यास १६० पौंड. तीन वर्षांच्या आंत तोच प्रसंग दुसऱ्यांदां आला तर १६० पौंडच. तिसऱ्या खेपेस मात्र नोटीस नव्हे, तर खटला, आणि त्यांत दंड २५०० पौंडांपर्यंत होऊं शकतो. दोन मुलांचे आईबाप एक आठवडा बाहेर गेले, तर पहिल्याच खेपेस त्यांना ३२० पौंड भरावे लागतात.

ज्या खटल्यानें हा प्रश्न गाजला, तो कायद्याच्या ग्रंथांत ‘आइल ऑफ वाइट कौन्सिल विरुद्ध प्लॅट’ या नांवानें नमूद आहे. २०१५ च्या एप्रिल महिन्यांत एका पित्यानें आपल्या मुलीला अमेरिकेंतील फ्लोरिडा प्रांतीं सहलीस नेलें. शाळेनें परवानगी नाकारली होती. मुलीचे शाळेचे सात दिवस बुडाले. पित्यानें दंड भरण्यास नकार दिला. त्याचें म्हणणें असें, कीं मुलीची हजेरी शेंकडा ९० च्या वर आहे; तेव्हां ती नियमितपणें शाळेंत जात नाहीं असें कोणत्या तोंडानें म्हणावयाचें? स्थानिक मॅजिस्ट्रेटांनीं हें म्हणणें मान्य केलें. २०१६ सालीं वरिष्ठ न्यायालयानेंही तोच कौल दिला. परंतु ६ एप्रिल २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं एकमतानें तो फिरविला. त्यानंतर तो खटला पुन्हा मॅजिस्ट्रेटांकडे गेला आणि त्याच वर्षीं पिता दोषी ठरला.

सर्व वाद एका शब्दाभोंवतीं फिरत होता. ‘नियमितपणें’ याचा अर्थ काय? ठराविक अंतरानें? पुरेशा वेळां? कीं नियमांस धरून? मराठींतही ‘नियमित’ या शब्दाच्या पोटांत ‘नियम’ बसलेला आहे, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. न्यायालयानें तिसरा अर्थ स्वीकारला: शाळेनें घालून दिलेल्या नियमांप्रमाणें जी हजेरी, तीच नियमित हजेरी. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ति लेडी हेल यांनीं दिलेलीं कारणें साध्या माणसासही पटण्याजोगीं आहेत. एका मुलाच्या गैरहजेरीनें त्या मुलाचाच नव्हे, तर वर्गांतील इतरांचा आणि शिक्षकाचाही क्रम मोडतो. शिवाय एकानें नियम मोडून स्वस्तांत सहल साधावी आणि पदरास खार लावून नियम पाळणाऱ्या दुसऱ्यानें तें पाहत राहावें, हा त्या दुसऱ्यावर अन्याय होय. जुन्या निकालांचाही आधार होता. १९२७ सालीं एका पालकानें पियानोच्या शिकवणीसाठीं मुलीला दर आठवड्यास कांहीं वेळ शाळेंतून काढून नेलें होतें. शिकवणी चांगलीच होती. परंतु शाळेच्या वेळेंतील आपल्याला रुचेल तेवढाच भाग घ्यावा आणि बाकीचा टाकावा, अशी सोय कायद्यांत नाहीं, असें तेव्हांही ठरलें होतें.

हा कायदा मुळांत कोणासाठीं झाला, हें ध्यानांत घेतल्याशिवाय त्याचा कठोरपणा कळावयाचा नाहीं. १८७० च्या कायद्यानें इंग्लंडमधील स्कूल बोर्डांना हजेरीची सक्ति करण्याची मोकळीक मिळाली आणि १८८० च्या कायद्यानें पांच ते दहा वर्षांच्या मुलांसाठीं ती सर्वत्र लागू झाली. त्या काळचा जो बाप मुलाला शाळेंतून काढीत असे, तो त्याला फिरावयास नेत नसे; कामास लावीत असे. केंट परगण्यांत बिअर या पेयास लागणाऱ्या हॉप नांवाच्या वेलीचीं फळें सप्टेंबरच्या सुमारास खुडावीं लागत. त्यासाठीं पूर्व लंडनच्या गरीब वस्तींतून कुटुंबेंच्या कुटुंबें निघत, आणि आईच्या शेजारीं मूलही खुडावयास बसे. शहरांतील कोंदट खोलींतून निघून मोकळ्या हवेंत कांहीं आठवडे काढावयास मिळत, म्हणून कामालाच तीं माणसें सुटी म्हणत. केंटमधील खेड्यांनीं तर शाळेची सुटीच या खुडणीच्या बेतानें ठेविली होती. स्कॉटलंडमध्यें बटाटे काढण्याच्या दिवसांत मुलांना मोकळें सोडीत. ऑक्टोबरमधील त्या सुटीस तेथें अजूनही बटाट्यांची सुटी म्हणतात. म्हणजे सक्तीच्या कायद्यासमोर उभा होता तो भुकेच्या मागणीनें मुलाचा दिवस घेणारा बाप. आज त्याच कायद्यासमोर हौसेनें दिवस घेणारा बाप उभा आहे. कारण बदललें, परंतु मुलाचा दिवस कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न मात्र तोच राहिला.

याच प्रश्नानें आपल्याकडील थोर पुरुषांनाही एके काळीं झगडावयास लावलें होतें. सयाजीराव गायकवाड महाराजांनीं १८९३ सालीं बडोदें संस्थानांतील अमरेली भागांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ सालीं तो संस्थानभर लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ च्या मार्च महिन्यांत वरिष्ठ कायदेमंडळांत प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें. पुढच्या वर्षीं तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेंटाळलें गेलें. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं कोल्हापुरांत सक्तीचें व मोफत शिक्षण सुरू केलें, तेव्हां मूल शाळेंत न पाठविणाऱ्या बापास दरमहा एक रुपया दंड ठेविला. गरिबावर असा दंड बसविणें हें त्या काळीं पुष्कळांना क्रूरपणाचें वाटलें असेल. परंतु त्याच्या मुळाशीं एक फार मोठा विचार होता: मूल आईबापांचें असलें, तरी मुलाचें बालपण ही त्यांची खासगी इस्टेट नव्हे. त्याचे कांहीं तास, कांहीं दिवस त्या मुलाच्या उद्यांसाठीं राखून ठेवलेले आहेत, आणि त्यांवर कोणीही हात टाकावयाचा नाहीं.

असें असलें, तरी इंग्लंडमधील पालकांची बाजू हलकी समजून चालणार नाहीं. जो पालक दंड भरतो, तो बहुधा मुलावर प्रेम करणाराच असतो. रुग्णालयांतील परिचारिका, पोलीस शिपाई, कारखान्यांत पाळीनें काम करणारा मजूर, यांना रजा मिळते ती मालकाच्या सोयीनें. शाळेची सुटी आणि आईची रजा यांची गांठ कित्येकदां पडतच नाहीं. वर्षभर एकमेकांना ओझरतें पाहणाऱ्या कुटुंबाला एक आठवडा एकत्र मिळत असेल, तर त्याची किंमत हजेरीपटावर कशी मांडावी? प्रवासानें मूल शिकतें, हेंही खोटें नाहीं. ज्यानें समुद्र पाहिला, परकी भाषा कानांनीं ऐकली, निराळें अन्न चाखलें, त्याचा भूगोल पुस्तकांतून शिकणाऱ्यापेक्षां पक्का असतो.

इंग्लंडमध्यें स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची अडचण याहून निराळी आहे. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालीं स्थापन झालें. म्हणजे तेथील मराठी घरांचें येणेंजाणें आजचें नव्हे. या घरांतील मुलांची आजी पुण्यास किंवा सांगलीस असते. मावशीच्या लग्नाचा मुहूर्त पंचांगांत निघतो, इंग्लंडच्या शाळेच्या वेळापत्रकांत निघत नाहीं. आणि नाताळच्या सुटींत मुंबईचें तिकीट सर्वांत महाग असतें. धर्माच्या खास दिवशीं मूल घरीं राहिलें, तर कायदा दोष देत नाहीं. परंतु ती सवलत त्या दिवसापुरतीच. सणाचा एक दिवस मिळतो. त्या एका दिवसांत सात हजारांहून अधिक किलोमीटरांवरील आजीची भेट कशी व्हावी? अशा ठिकाणीं केवळ नियमाचें बोट दाखविणारा मुख्याध्यापक न्यायी असेल; शहाणा असेलच असें नाहीं.

तथापि या सर्व युक्तिवादांत एक गोष्ट निसटून जाते. प्रत्येक पालक हिशेब करतो तो आपल्या एका मुलाचा. एका मुलाचा एक आठवडा म्हणजे अडतीसांतील एक. तो भरून काढतां येईल, असें त्याला वाटतें, आणि हुषार मुलाच्या बाबतींत तें खरेंही असूं शकेल. पण वर्गांत तीस मुलें आहेत असें धरा. प्रत्येकाच्या पालकानें स्वस्त भाव पाहून निरनिराळा एकेकच आठवडा निवडला, तर अडतीसांपैकीं तीस आठवडे त्या वर्गांत कोणी ना कोणी गैरहजर राहील. सोमवारीं शिक्षकानें व्यवहारी अपूर्णांकांची बेरीज शिकविली. छेद समान कसा करावयाचा हें तीन दिवस घोटून घेतलें. पुढच्या सोमवारीं परत आलेल्या मुलाला तें ठाऊक नाहीं. आतां शिक्षकानें एकोणतीस जणांना थांबवून ठेवावें, कीं एकाला मागें टाकावें? दोहोंपैकीं कांहींही केलें, तरी त्याचें मोल सहलीस न गेलेलें मूलच देतें, किंवा मग तें एकटें मूल, जें अपूर्णांकाला पुढें वर्षानुवर्षें भिऊन राहतें. वर्ग हा एकत्र कुटुंबासारखा आहे. पंगत वाढल्यावर एकेकानें आपल्या सवडीनें उठूं व बसूं म्हटलें, तर वाढणाऱ्याचे हाल होतात आणि जेवणाऱ्यांचेंही अन्न निवतें.

यावर दंड हा उपाय खरा काय? येथें आंकडे बोलके आहेत. इंग्लंडमध्यें २०१६-१७ सालीं गैरहजेरीबद्दल १,४९,३२१ दंडाच्या नोटिसा निघाल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरच्या २०१७-१८ सालीं हा आंकडा २,६०,८७७ वर गेला. निकालामुळें स्थानिक अधिकाऱ्यांना धीर आला हें त्याचें एक कारण असलेंच पाहिजे. परंतु पुढें २०२३-२४ सालीं नोटिसा ४,८७,३४४ झाल्या, आणि त्यांतील शेंकडा ९१ सहलीबद्दलच्या होत्या. दंडाच्या भयानें सहली थांबल्या असत्या, तर हा आंकडा उतरावयास हवा होता.

असें कां व्हावें, याचा उलगडा एका निराळ्याच प्रयोगांत सांपडतो. इस्रायलांतील हैफा शहरीं दहा बालगृहांत दोन अर्थशास्त्रज्ञांनीं केलेला हा प्रयोग २००० सालीं प्रसिद्ध झाला. संध्याकाळीं मुलांना न्यावयास कांहीं पालक उशिरां येत आणि शिक्षिका ताटकळत. म्हणून सहा बालगृहांत उशिरां येणाऱ्यांस लहानसा दंड ठेविला. उशीर कमी होईल अशी अपेक्षा होती. तो वाढला, जवळजवळ दुप्पट झाला, आणि दंड काढून टाकल्यावरही पूर्ववत् झाला नाहीं. पूर्वीं उशिरां येणाऱ्याला शिक्षिकेची लाज वाटे. आतां तो पैसे मोजून वेळ विकत घेऊं लागला. दंडाचें दाम झालें. शाळेच्या सहलीसही हेंच लागू आहे. ज्या कुटुंबाचे स्वस्त तिकिटांत हजार पौंड वांचतात, तें ३२० पौंडांचा दंड प्रवासखर्चांत धरून मोकळें होतें. ज्याची मिळकत तुटपुंजी, त्याला तोच दंड महिन्याच्या किराण्याएवढा जड जातो. म्हणजे नियम एकच, पण श्रीमंताला तो परवाना आणि गरिबाला शिक्षा.

दंडाचा दुसरा परिणाम याहून वाईट आहे, आणि तो कोणत्याही तक्त्यांत सांपडत नाहीं. खरें सांगून रजा मागणाऱ्या पालकाला नकार मिळतो व नोटीस येते. ‘मुलाला ताप आहे’ असें कळविणारा पुष्कळदां सुटतो. मग घरांत तयारी चालते. विमानांत बसण्यापूर्वीं मुलाला बजावलें जातें: ‘बाईंनीं विचारलें तर पोट दुखत होतें म्हणून सांग.’ मूल उन्हानें रापलेल्या चेहऱ्यानें वर्गांत येतें आणि आजारपणाची गोष्ट सांगतें. त्याला समुद्र दिसला, शिंपले मिळाले, आणि त्याबरोबर असेंही शिकावयास मिळालें, कीं आपले आईबाप ज्या शाळेंत आपल्याला पाठवितात, तिच्याशीं खोटें बोलणें त्यांना मुळींच जड जात नाहीं. शिवाय ज्या गोष्टीचा सर्वांत आनंद झाला, तीच त्याला मित्रांपासून लपवावी लागते. बुडालेले पांच दिवस उजळणीनें भरून निघतील. ही शिकवण मात्र पुसून काढणें कठीण.

मग यास उपाय कोणता? निरनिराळ्या देशांनीं निरनिराळ्या वाटा काढल्या आहेत. जर्मनींत हजेरीची सक्ति इंग्लंडइतकीच कडक आहे; २०१८ च्या मे महिन्यांत बव्हेरिया प्रांतांतील पोलिसांनीं सुटी लागण्यापूर्वींच मुलांसह विमानतळावर आलेल्या कुटुंबांची चौकशी केली होती. परंतु त्याच जर्मनीनें दुसरी एक व्यवस्था केली आहे: तिच्या सोळा घटक राज्यांच्या उन्हाळी सुट्या एकाच दिवशीं सुरू होत नाहींत, त्या जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मागेंपुढें येतात. फ्रान्सनें हिवाळी व वसंतांतील सुट्यांसाठीं देशाचे तीन विभाग पाडले आहेत. गर्दी पांगली म्हणजे भाव कांहीं अंशीं तरी पांगतात. वेल्समध्यें सहलीसाठीं दहा दिवसांपर्यंत रजा देण्याचा मुख्याध्यापकाचा विवेकाधिकार अद्याप शाबूत आहे. म्हणजे तेथें पालकाला निदान खरें बोलून विचारतां येतें.

वेळापत्रक लोकजीवनाशीं जुळवून घेतलें, तर तें मोडण्याचा मोह कमी होतो, याचें एक उदाहरण आपल्याजवळच आहे. मुंबईंतील कोंकणी माणूस गणपतीला गांवीं जाणारच, हें ओळखून मुंबईच्या शाळांनीं त्या दिवसांत सुटी ठेवण्याचा प्रघात पाडला. तेथें प्रत्येकाची स्वतंत्र रजा उरली नाहीं. सर्वांची मिळून सुटी झाली. विदर्भांतील शाळा उन्हाच्या तडाख्यामुळें इतर भागांपेक्षां उशिरां उघडतात, तेंही याच न्यायानें.

दुसरें उदाहरण अधिक गंभीर आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या आगेंमागें ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात, आणि आईबापांबरोबर मुलेंही बैलगाडींत बसतात. त्यांचे चार-सहा महिने बुडतात. तेथें सहल नाहीं, समुद्र नाहीं, उसाच्या फडाशेजारीं कोपी आहे. हे आईबाप म्हणजे केंटच्या मळ्याकडे निघालेल्या लंडनकर मजुराचेच सोयरे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें मुलाला शाळेंत घालणें हें पालकांचें कर्तव्य ठरविलें आहे, पहिली ते पांचवीस वर्षाचे किमान २०० आणि सहावी ते आठवीस २२० दिवस शाळा भरावी असेंही सांगितलें आहे. परंतु पालकास दंड ठेविलेला नाहीं. ऊसतोड कामगाराला दंड करून मूल शाळेंत येणार नव्हतें. त्यासाठीं गांवींच राहण्याजेवणाची सोय करणारीं हंगामी वसतिगृहें काढावीं लागलीं, आणि जेथें तीं नीट चाललीं, तेथें मूल मागें राहून शिकूं शकलें. जेथें गरज मुलाला ओढून नेते, तेथें सोय करावी लागते. धाक तेथें उपयोगी पडत नाहीं.

हें दृश्य डोळ्यांपुढें ठेवून शहरांतील सुशिक्षित घरांनीं स्वतःकडे पाहावें. नाइलाजानें दिवस गमावणारें मूल जेथें आहे, तेथें हौसेनें दिवस टाकणाऱ्यानें थोडें थांबून विचार करणें उचित होय. ‘शिकवणी लावली आहे, पुस्तकें घरीं आहेत, दोन दिवस बुडाले तर काय?’ असें म्हणतां येतें तें घर सुस्थितींत आहे म्हणून. पण त्या घरानें शाळेला दुय्यम मानलें, कीं तेंच मानण्याची संवय इतरांस लागावयास वेळ लागत नाहीं.

याचा अर्थ असा नव्हे, कीं आजी अंथरुणाला खिळलेली असतांना मुलाला हजेरीसाठीं अडकवून ठेवावें. अशा प्रसंगीं पालकानें सरळ मुख्याध्यापकांकडे जावें, खरें कारण सांगावें, परवानगी मागावी. आणि मुख्याध्यापकांनींही नियमाच्या अक्षरापलीकडे पाहून ती द्यावी. केवळ तिकीट स्वस्त आहे हें कारण असेल, तर पालकानें तें स्वतःशींच उघडपणें उच्चारून पाहावें. मुलासमोर उच्चारतांना संकोच वाटला, तर उत्तर मिळालेंच. सरकारनें सुट्यांची वांटणी अशी करावी, कीं सामान्य घरालाही कधीं तरी एकत्र बाहेर पडतां यावें. आणि शाळेनें आपला प्रत्येक दिवस असा चालवावा, कीं तो बुडाला तर बुडाल्यासारखा वाटावा. सत्राच्या शेवटच्या आठवड्यांत मुलांना नुसतें बसवून ठेवणाऱ्या शाळेला पालकांकडून हजेरीचा आग्रह धरण्याचा तोंडबळकेपणा शोभत नाहीं.

शाळेचा दिवस बापाच्या मालकीचा नाहीं, आणि सरकारच्याही मालकीचा नाहीं. तो त्या मुलाचा आहे, आणि त्याच्या शेजारीं बसणाऱ्या मुलाचाही आहे. सुटी घ्यावयाची तर ती सर्वांबरोबर घ्यावी. रजा घ्यावयाची तर ती मागून, खरें सांगून घ्यावी.